मागच्या रांगेचं येसर

एप्रिल लागला की पुण्यातही दुपारी एक वेळ अशी येते की रस्ता गप्प होतो आणि कडुलिंबाच्या मोहराचा कडसर वास हवेत भरून राहतो. आमच्या ऑफिसच्या काचा उघडत नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन उभी राहते. काल तिथंच पूजाचा फोन आला. पूजा माझी मामेबहीण. मी ज्या कॉलेजात शिकले त्याच बीडच्या कॉलेजात आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट कुठवर आला, असं मी विचारलं. ती खुशीत म्हणाली, "मस्त चाललाय ताई. माझ्याकडं रिपोर्ट दिलाय. सर म्हणले, तुझं इंग्लिश चांगलं आहे, तूच लिही."

मला पटकन बोलता येत नाहीच. पण जिन्यात उभ्या उभ्या माझे कान तापले. चार उन्हाळे होऊन गेले. कॉलेजचा रंग बदलला म्हणतात, लॅबमध्ये नवी मशीन आली म्हणतात, आणि तेच वाक्य तिथंच उभं आहे, नव्या मुलीची वाट बघत.

आमच्या वर्षीचा उन्हाळा विजेच्या वेळापत्रकानं बांधलेला होता. लाइट सकाळी दहाला यायची, दोनला जायची, ती पुन्हा संध्याकाळी सहाला. आणि मुलींनी पाचच्या आत लॅब सोडायची असा कॉलेजचा नियम. कुणाच्या सुरक्षिततेसाठी हा नियम होता, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सहाला पंखे फिरू लागायचे, मशीनचे हिरवे दिवे लागायचे, मुलं शर्टाची वरची बटणं उघडी टाकून आत शिरायची आणि आम्ही तोवर रिक्षात बसून धूळ खात घरी पोचलेल्या असायचो. दुसऱ्या दिवशी मुलंच म्हणायची, "पोरी बसतच न्हाईत लॅबला."

लॅब म्हणजे दोन लांब रांगा. पुढची मुलांची, मागची मुलींची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पहिल्या वर्षी जो जिथं बसला तो तिथंच राहिला. मागच्या रांगेत कूलरचा वारा पोचत नसे, वास मात्र पोचायचा, ओल्या वाळ्याचा. माझ्या शेजारी नफीसा बसायची. तिचा प्रोजेक्ट वेगळा होता आणि तोंड माझ्या दुप्पट चालायचं. मी हजेरीला 'येस सर' म्हटलं की सर दोनदा विचारायचे, मग तीच ओरडायची, "आहे सर, आहे, जिवंत आहे."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. अप्पांचं बीडला कापडाचं दुकान. घरात इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून मुलीला तरी ते यावं अशी त्यांची हौस. त्या हौसेचं कॉलेजात काय झालं, तर माझं नावच 'कॉन्व्हेंट' पडलं. "ए कॉन्व्हेंट, हे स्पेलिंग बघ गं." आमच्या प्रोजेक्टच्या तिघांच्या ग्रुपमधला महेश अशा हाका मारायचा. महेश पाटोद्याचा. उंच, हसरा, सगळ्या सरांच्या घरी जाणं-येणं असलेला. मनानं वाईट नव्हता. आणि हेच मला जास्त चिडवणारं होतं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

प्रोजेक्टची कल्पना त्या विजेतूनच निघाली. एखादा मोठा प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे माणसानं लिहिलेलं मशीनला कळेल अशा रूपात आणायला, आमच्या जुन्या मशीनना इतका वेळ लागायचा की मध्येच लाइट जाऊन सगळं पहिल्यापासून करावं लागे. मग काम वाटून द्यावं: एका मशीननं फाइली वाटाव्यात, लॅबमधल्या बाकी सगळ्यांनी एकेक कंपाइल करून परत पाठवावी. दोनच्या आत सगळं उरकावं. ही कल्पना माझी होती. ती मी महेशला एका कागदावर काढून दाखवली, महेशनं ती सरांना तोंडानं सांगितली, आणि तेव्हापासून ती महेशची झाली. त्यानं चोरली असं मी म्हणणार नाही. जो मोठ्यानं बोलतो, त्याच्या नावावर गोष्टी आपोआप जाऊन बसतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचाच मला संताप येतो.

त्या दिवसांत घरी गेलं की उंबऱ्यापासूनच खमंग वास यायचा. आई येसर करत असायची. मराठवाड्याबाहेर हे सांगावं लागतं म्हणून सांगते: गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजायचं, गिरणीतून दळून आणायचं आणि डब्यात दाबून भरायचं. मग वर्षभर, पाहुणा दारात आला तरी घाई नाही. फोडणीत पाणी उकळायचं, येसर कालवून सोडायचं, आमटी तयार. भाजण्याचा सगळा घाम एकदाच, चैत्रात.

हे कंपाइल करणाऱ्या कंपायलरचंही असंच असतं. प्रोग्रामच्या जवळजवळ प्रत्येक फाइलच्या माथ्यावर त्याच त्या, सगळ्यांना लागणाऱ्या हेडर नावाच्या फाइली जोडलेल्या असतात. आपण लिहिलेल्या ओळी मूठभर आणि हेडरच्या ओळी पोतंभर. कंपायलर बिचारा प्रत्येक फाइलला ते पोतं नव्यानं निवडतो, भाजतो, दळतो. म्हणून एक सोय निघाली होती: हेडर एकदाच आधी कंपाइल करून ठेवायचे, म्हणजे पुढच्या प्रत्येक फाइलला ते तयार मिळतात. येसरच ते. मी ते पुढच्या रांगेतल्या, फाइली वाटणाऱ्या मुख्य मशीनवर करून बघितलं, तेव्हा वेळ इतका खाली आला की नफीसा म्हणाली, "बंद पडलं का गं?"

पण काम वाटून देण्याशी या सोयीचं जमेना. आम्ही फाइल दुसऱ्या मशीनकडे पाठवताना तिच्यात सगळे हेडर उलगडून, एकच लांबलचक मजकूर करून पाठवायचो. म्हणजे समोरच्याकडे हेडर असण्याची गरज नाही. पण असं उलगडून पाठवलं की तयार येसराला कामच उरत नाही. कच्चं सामान आमटीत आधीच पडलेलं असतं. वाटून देण्याचा फायदा हवा की तयार हेडरचा, दोन्हीतलं एकच. मी सुचवलं, आपण तयार हेडरच, अडीनडीला सोबत कच्चेही, सगळ्या मशीनना एकदा पाठवून ठेवू आणि मग फक्त मूठभर ओळींच्या फाइली पाठवू. महेश म्हणाला, "कर की मग. तुला जमतंय तर कर." मी ते केलं. पुढची रांग पळायला लागली. मागची रांग रेंगाळली, पूर्वीपेक्षाही.

मुलं खूश झाली. नवं कारणच मिळालं हसायला. "पोरींची मशीन पोरींसारखीच, नटायला वेळ लागतो." कुणीतरी असं म्हणालं आणि सर, आमचे विभागप्रमुख, जे आमचे गाइडही होते, तेही हसले. ते हसले नसते तर मी कदाचित ते विसरले असते.

मशीन एकाच दिवशी, एकाच गाडीतून आलेली होती. पुढची आणि मागची यांत तसूभर फरक नव्हता. मग रेंगाळतात का? हा साधा प्रश्न त्या हसण्याच्या खोलीत कुणाला पडला नाही. मुलं समोरच्या रसवंतीत गेली की मी एकटी बसून बघायचे. चूक कुठंच दिसत नव्हती. मागची मशीन फाइल घेत होती, काम करून परत देत होती, तक्रार शून्य. शेवटी कंपायलरला मी एक जास्तीची सूचना देऊन बघितली: तयार हेडर वापरला नाहीस, तर तसं सांग. आणि पडद्यावर ओळीमागून ओळ आली. हेडर सापडला, पण वापरला नाही. दुसऱ्या कंपायलरनं बनवलेला आहे.

तोपर्यंत तो मुकाट बाजूला ठेवला जात होता. नाकारला असं न सांगता. आणि बाजूला ठेवून मागचं मशीन प्रत्येक फाइलला सगळं पोतं पुन्हा पहिल्यापासून दळत होतं.

मला शैलाताई आठवली. माझी थोरली बहीण, दिंद्रुडला दिलेली. तिच्या सासरी किराण्याचं मोठं दुकान. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आईनं तिच्याबरोबर येसराचा डबा दिला होता. सासूबाईंनी तो हसत घेतला, "लई चांगलं केलंस" म्हणाल्या, आणि माळ्यावर ठेवला. पुढच्या वर्षी ताईनं माळा आवरताना डबा उघडला तर आत जाळी धरलेली. ती डबा घेऊन आईकडे आली तेव्हा रडली नाही, नुसती धुमसत होती. "कावून तोंडावर न्हाई म्हणल्या त्या? म्हणल्या असत्या, 'आमच्यात असलं चालत न्हाई, बाजरी जास्त लागती', तर मी त्यांच्याजवळ बसून शिकले असते. वर्षभर मी आपली समजत होते, माझ्या आईच्या हातची आमटी खातेत सगळे." आई म्हणाली, "जाऊ दे, डबा तर परत आला." आमच्या घरात राग असाच मिटवतात, भांडं मोजून.

मागच्या रांगेचं कंपायलर वेगळं का होतं, हे विचारायला मी लॅब असिस्टंटकडे गेले. ते म्हणाले, महेशनं दिवाळीत पुण्याहून नव्या आवृत्तीची सीडी आणली होती. ती पुढच्या रांगेत टाकली. "मागं टाकायची राहिली. सर म्हणाले, पोरींना काय, रिपोर्टच टाइप करायचा असतो, जुन्यावर होतोय."

मी तिथं उभी राहून 'थँक यू सर' म्हटलं आणि जागेवर आले. तोंड पडद्याकडे फिरवून बसले. रडू येतंय असं नफीसाला वाटलं. रडू नव्हतं. रांगेला ढ म्हणायचं, तिला हसायचं, आणि तिला ढ ठेवणारा हात आपलाच आहे हे कुणाच्या गावीही नसायचं! ते ठरवून केलं असतं तर निदान त्यांना ते माहीत तरी असतं.

त्यानंतरचे दिवस मला त्या उन्हाळ्यातले सर्वांत चांगले दिवस म्हणून आठवतात. मी सगळं उलटं केलं. तयार हेडर पाठवायचाच नाही. आधी प्रत्येक मशीनला विचारायचं, तुझ्याकडे कुठलं कंपायलर आहे? मग कच्चे हेडर एकदा द्यायचे आणि म्हणायचं, तुझं तू बनवून ठेव. ज्याचं त्याचं येसर. नंतर नुसत्या मूठभर ओळी पाठवायच्या. बदल झाला तर तेवढं कळवायचं. जुनं कंपायलर जरा हळू होतं, त्याला तयार हेडरची सोयही अर्धीमुर्धीच होती, तरी मागची रांग चालायला लागली. आधी विचारायचं, इतकंच होतं ते. पण तेवढं लिहायला माझे कितीतरी सकाळचे तास गेले. संध्याकाळचे मिळाले असते तर निम्म्यात झालं असतं.

महेशला सांगितलं, तो म्हणाला, "भारी काम केलंस. लिहून टाक रिपोर्टात."

सरांना सांगायला त्याच्याबरोबर मीही गेले. सरांनी ऐकलं ते असं, की डोळे टेबलावरच्या पंख्याकडे. मग म्हणाले, "आता ऐन वेळी काही हलवू नका. डेमोला मागची रांग बंद ठेवा. पुढच्यावर भागतंय. आणि बोलेल महेश. एक्स्टर्नलसमोर मुलींचा आवाज निघत नाही."

"सर, मी..." मी म्हटलं.

"तुमचं इंग्लिश उत्तम आहे. रिपोर्ट झकास करा. मार्क तिघांना सारखेच पडतात."

तिसरा संजू. तो ग्रुपमध्ये आहे हे मलाही आठवावं लागायचं. त्यालाही सारखेच. मार्कांचा प्रश्न नव्हता हे त्या खोलीत कुणाला कसं समजावणार? ते काम मी केलं, आणि ज्यानं केलं तोच ते सांगणार, एवढंच मला हवं होतं. मला भाषण नको होतं, टाळ्या नको होत्या. बोलायची तर मला भीतीच वाटते. पण भीती माझी आहे. ती धरून माझ्याऐवजी दुसऱ्याला उभं करायचा हक्क त्यांना कुणी दिला?

बाहेर नफीसानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "डोकं तुझं आणि तोंड त्याचं? प्रोजेक्ट हाय का लग्न हाय हे?" महेश हसला. "अगं, ती बोलत न्हाई म्हणून मी बोलतो. तिनं बोलावं की!" "तुमी गप बसा, मग बोलंल ती," नफीसा म्हणाली. मी आपली बॅग आवरत होते.

व्हायवाच्या दिवशी आईनं कपाळाला विभूती लावली. अप्पा म्हणाले, पास झालीस की कपिलधारला दर्शनाला जाऊन येऊ. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, औरंगाबादहून येणार होते, दहाला. ते आले बाराला. मग सरबत, मग विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये ओळखीपाळखी, मग जेवण. आमचा नंबर लागला तेव्हा घड्याळ दोनकडे सरकलेलं. पडदे ओढलेले, प्रोजेक्टरचा उजेड, पुढच्या रांगेत मशीन घुमत होती आणि मागच्या रांगेवर धुळीची कापडं घातलेली होती. कापडं! आदल्या दिवशी मी पुसून ठेवलेल्या मशीनवर.

महेश काठी घेऊन पडद्याजवळ उभा राहिला. बोलला छान. एक्स्टर्नल शांत, बारीक अंगाचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "तयार हेडर एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला आणि तिथलं कंपायलर वेगळं निघालं, तर?"

"वेगळं निघत नाही सर," महेश म्हणाला. "आमच्याकडं सगळी मशीन सारखी हायत."

"अच्छा. मग प्रश्नच मिटला." ते रिपोर्टची पानं चाळू लागले. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, हा रिपोर्ट तुम्ही लिहिला का? भाषा फार सुंदर आहे.

विभागप्रमुख कौतुकानं म्हणाले, "कॉन्व्हेंटची आहे, सर."

मी उठले. काय करायचं ते ठरवून उठले नव्हते. मागच्या रांगेपाशी गेले, पहिल्या मशीनवरचं कापड ओढलं आणि बटण दाबलं. मग दुसऱ्याचं. दाराशी नंबराची वाट बघत बसलेली नफीसा काही न विचारता आत आली आणि दुसऱ्या टोकाकडून कापडं ओढू लागली. "अहो, काय चाललंय? बंद करा ते," विभागप्रमुख म्हणाले. एक्स्टर्नल म्हणाले, "असू द्या, बघू." एकेक पंखा घुमला, एकेक पडदा उजळला. मी मुख्य मशीनवर, महेशच्या कोपराखालून हात घालून, माझा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर मागच्या मशीनची नावं येऊ लागली.

आणि लाइट गेली.

दोन वाजले होते. समोरच्या रसवंतीतलं यंत्रही थांबल्याचं ऐकू आलं; म्हणजे सगळ्या भागाची गेली होती. तरी अंधारात सरांचा आवाज आला, "बघितलंत? म्हणून म्हणत होतो, ती रांग लावू नका." आणि कुणीतरी "होय सर" म्हणालंसुद्धा!

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. त्या रागात एक सोय होती, अंधाराची. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बोलायला लागले. मराठीत बोलले, ते मला मागाहून कळलं. सगळी मशीन सारखी नाहीत, म्हटलं. मागच्या रांगेला जुनं कंपायलर आहे, कारण नवं टाकलं नाही. पाठवलेला हेडर ती मुकाट बाजूला ठेवत होती आणि आपण तिला ढ म्हणत होतो. मग ज्यानं त्यानं आपला हेडर बनवायचा असं मी केलं. ते चौथ्या प्रकरणात आहे. ते वाचलं नाही तर भाषा सुंदर आहे एवढंच दिसतं. शेवटचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबले.

एक्स्टर्नलनी अंधारातून विचारलं, "मशीन मध्येच बंद पडलं तर त्याचं काम कोण करतं?"

"जे रिकामं असेल ते, सर."

"आणि हे कुणी लिहिलं?"

मी उत्तर द्यायच्या आत महेश म्हणाला, "तिनंच सर. मला ते येत न्हाई." खरं सांगायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. इतके दिवस कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

खाली शिपायानं जनरेटर सुरू केला, धडधड करत. पुढची दोन मशीन आणि प्रोजेक्टर तेवढा जिवंत झाला. सगळे डोळे चोळत माझ्याकडे बघायला लागले. सर घाम पुसत म्हणाले, "हं, झालं. महेश, पुढं सांग."

महेश हलला नाही. त्यानं हातातली काठी माझ्यापुढे धरली, मोठ्या मनानं. "घे. बोल तू."

मी काठीकडे बघितलं. ती त्यानं मला द्यायची, मग मी बोलायचं. ती मी घेतली नाही. त्याच्या बाजूनं पडद्यापर्यंत गेले. प्रोजेक्टरचा सगळा उजेड तोंडावर आला, समोरचं कुणी दिसेना. तिथल्या आकृतीतल्या पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "सर, पुढं नाही. सुरुवातीपासून सांगते."